दुधाचे दात, दाताची कीड आणि विमापत्रातील ‘दंतोपचार’

‘दुधाचे दात’ पडण्यासाठीच आलेले असतात, असा लोकसमज आहे. आणि ‘दाताला कीड लागली’ असे म्हणताना रोगाचा दोष एका अदृश्य किड्याच्या माथी मारला जातो. मुलाला दंतवैद्याकडे केव्हा व कोणाकडे न्यावे आणि त्याच्यासाठी दंतविमा घ्यावा की नाही, हे निर्णय पालक पुष्कळदा या शब्दांच्या आधारेच घेतात. विमापत्रातील ‘दंतोपचार’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. या तीन शब्दांचा अर्थ स्पष्ट झाल्यास निर्णय बराच सोपा होतो.

दुधाचे दात २० असतात. ते सहाव्या महिन्याच्या सुमारास येऊ लागतात व अडीच-तीन वर्षांत पूर्ण होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा वर्षे तरी काम करावयाचे असते. ती अकाली काढली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताची जागा आक्रसते. शिवाय सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दात न पाडता मागे उगवते. त्यामुळे तिलाच दुधाची समजून तिची हेळसांड होते.

‘कीड’ ही कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ असा रोग सांगितला आहे. युरोपातही हीच समजूत होती. १७२८ मध्ये फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार याने ती नाकारली, तर १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर याने तोंडातील जंतू शर्करेपासून आम्ल निर्माण करतात व ते आम्ल दात झिजविते, असे प्रतिपादन केले. तात्पर्य, हा रोग हळूहळू वाढणारा, आहाराशी निगडित आणि बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे.

विम्याचे तत्त्व याच्या उलट परिस्थितीसाठी आहे. क्वचित घडणारी मोठी हानी अनेकांत वाटून घेणे, हा त्याचा हेतू. विमा नियामकाच्या प्रमाणित व्याख्येत ‘दंतोपचार’ या संज्ञेत तपासणी, दात भरणे, टोपी बसविणे, दात काढणे व शस्त्रक्रिया ही सर्व येतात. परंतु व्याख्या म्हणजे हमी नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमापत्रात आजार वा इजेमुळे आवश्यक ठरलेला दंतोपचार समाविष्ट आहे. तथापि तो रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग म्हणून. दात भरणे हे खुर्चीत बसून थोड्या वेळात होणारे बाह्यरुग्ण काम असल्याने त्याचा खर्च यात बसत नाही. बाह्यरुग्ण दंतोपचाराचे स्वतंत्र विमापत्र असल्यास चार गोष्टी वाचाव्यात : प्रतीक्षाकाळ किती, वार्षिक मर्यादा किती, आधीच किडलेले दात वगळले आहेत काय, आणि यादीतील दंतवैद्य आपल्या आवाक्यात आहेत काय. मर्यादेची रक्कम हप्त्यापेक्षा फारशी अधिक नसेल, तर तो हप्ता घरीच बाजूला टाकणे हितकर.

शेवटची अट विंझरसारख्या गावी निर्णायक ठरते. नसरापूर-वेल्हे मार्गावरील या गावातील पालकाला केवळ पुणे शहरातील दंतवैद्यांची यादी मिळाली, तर प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी व मुलाची शाळा बुडते, आणि दातांचे उपचार बहुधा अनेक खेपांचे असतात. म्हणून दंतवैद्य आधी ठरवावा, विमापत्र नंतर पाहावे. दंतवैद्याची नोंद राज्य दंत परिषदेकडे असावी. नेहमीच्या तपासणीस पदवीधर पुरेसा, गुंतागुंतीच्या उपचारास बालदंतचिकित्सेतील पदव्युत्तर तज्ज्ञ पाहावा. जो मुलाच्या गोड खाण्याची चौकशी करतो, दात वाचविण्याचे वा काढण्याचे कारण सांगतो आणि खेपा व खर्च आधी सांगतो, तो निवडीस योग्य. धनकवडी येथील भारती विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांचाही विचार करावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील तपासणीत दातांचे विकारही पाहिले जातात. त्या पथकाने दिलेली चिठ्ठी बाजूस टाकू नये.

पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, असे बालदंतचिकित्सक सांगतात. त्या वयात दात थोडे, खर्चही थोडा, आणि विमापत्राची गरज त्याहून थोडी असते.