अंगाला बसणारी खुर्ची

बाबा आंब्याच्या झाडावरून पडले त्या वर्षी आमच्या घरी पहिली व्हीलचेअर आली. घडीची, चकचकीत, काळ्या रेक्झिनची. ज्या दुकानातून आणली तिथे कुणी बाबांच्या कमरेला टेप लावली नाही. अठरा इंची सगळ्यांना चालते, एवढंच सांगितलं. बाबा अंगाने काटकुळे. त्या रुंद बैठकीत ते एका कुशीला कलून बसायचे आणि आम्हाला वाटायचं, दमले असतील. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे त्यांनाही काही जाणवत नव्हतं. दीड महिन्याने उजव्या बैठकीच्या हाडावर लाल चट्टा उठला, त्याची जखम झाली आणि ती भरेपर्यंत चार महिने ते पालथे पडून होते. त्या चार महिन्यांत त्यांनी कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचून काढलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी व्हीलचेअर म्हणत नाही. चाकाची खुर्ची, किंवा नुसती खुर्ची.

दुसरी खुर्ची आणली ती मापं घेऊन. माप कसं घ्यायचं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

माणसाला कडक, सपाट बाकावर ताठ बसवा. कमरेचा सर्वांत रुंद भाग मोजा. बैठक तेवढीच हवी, किंवा फार तर ३ सेंटिमीटर जास्त. बसल्यावर मांडी आणि बाजूची फळी यांच्यामध्ये दोन्हीकडे एकेक बोट सरकलं की झालं. मग पाठीपासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा करा. ती बैठकीची खोली. ही खोली जास्त झाली तर बैठकीची कडा पोटरीला रुतते. ते टाळायला माणूस पुढे घसरून बसतो आणि पाठीचा पोक निघतो. तिसरं माप गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं, पायपट्ट्या बसवण्यासाठी. पायपट्टी फार वर असली की मांडी उचलली जाते आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फार खाली असली की पाय लोंबकळतात. बहुतेक खुर्च्यांची पायपट्टी एक नट सैल करून वरखाली करता येते. दहा मिनिटांचं काम, तरी कितीतरी घरांत ती दुकानातून आली तशीच वर्षानुवर्षं राहते. फक्त ती जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर वर राहू द्या, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात अडकेल.

स्वतः चाक फिरवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या पात्यांच्या खालीच संपलेली बरी, म्हणजे हात मागे न्यायला मोकळे राहतात. मागच्या चाकाच्या बाहेरून जी बारीक कडी असते, हाताने ढकलायची, तिच्या माथ्यावर हात ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडं हवं. हात पार सरळ होत असेल तर बैठक उंच आहे.

सरकारी शिबिरातून खुर्ची मिळते तिथेही मापाचा आग्रह धरा. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याच्या खुर्च्या अशा शिबिरांतून गावोगावी पोचतात. रांग मोठी असते, संकोच वाटतो. तरी टेप खिशात ठेवून जा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या खुर्च्यांविषयी मार्गदर्शिका काढली. बसणाऱ्याच्या अंगाला नीट बसणं ही योग्य खुर्चीची एक अट आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता गादी. घडीच्या खुर्चीची बैठक म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. १९३० च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतल्या अपघाताने अपंग झालेले इंजिनीअर आणि त्यांचे इंजिनीअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी मोटारीत मावेल अशी, खाली फुलीसारख्या दोन दांड्या असलेली घडीची खुर्ची बनवली. आजही आपल्याकडच्या बहुतेक खुर्च्या त्याच घडणीच्या आहेत. घडी व्हायची तर बैठक कापडाचीच लागते, आणि कापड काही महिन्यांत झोळीसारखं खाली येतं. म्हणून संवेदना नसलेल्या माणसाला गादीशिवाय या खुर्चीवर बसवणं धोक्याचं आहे. गादी पुरेशी आहे का ते हाताने कळतं. माणसाला पुढे वाकायला सांगा, गादीवर, बैठकीच्या हाडाखाली आपली बोटं ठेवा आणि त्याला परत ताठ बसू द्या. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत, पण ओढून काढता येतात, तर गादी दबत चालली आहे. बोटं चिमटली गेली तर त्या गादीवर बसू देऊ नका. फोमची गादी बाहेरून नवीकोरी दिसत असतानाही आतून बसलेली असते, म्हणून ही परीक्षा दर महिन्याला करायची.

चांगल्या गादीवरसुद्धा दर अर्ध्या तासाला भार हलवावा लागतो. बाबा समोरच्या टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकतात आणि एक-दोन मिनिटं तसेच राहतात. रेडिओवर बातम्या चालू असल्या की दोन बातम्यांपुरतं. दोन्ही हातांवर अंग उचलून धरायची पद्धतही आहे, पण दिवसातून तीस वेळा तसं केलं तर खांदे झिजतात. पुढे किंवा बाजूला वाकणं बरं. सकाळ-संध्याकाळ आरशात पाहून बैठक, माकडहाड आणि टाचा तपासायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. आम्ही ती लाली एकदा नजरेआड केली, त्याची किंमत वर सांगितलीच आहे.

चाक ढकलायची रीत आहे, ती कुणीतरी शिकवावी लागते. बाबा सुरुवातीला छोटे छोटे झटके द्यायचे आणि संध्याकाळी खांदे धरून बसायचे. चाक म्हणजे घड्याळाची तबकडी समजा: उजव्या बाजूने पाहताना कडी अकराच्या जागी धरायची, दोनच्या जागेपर्यंत एका लांब, सावकाश रेट्यात न्यायची आणि सोडून द्यायची. हात परत मागे आणताना कडीच्या खालून लोंबकळत आणायचा. रेटे निम्म्यावर येतात, अंतर तेवढंच कापलं जातं. पुढची आयुष्यभराची ये-जा या दोन खांद्यांवर आहे.

ब्रेकविषयी एक गैरसमज सगळीकडे दिसतो. या खुर्चीचा ब्रेक उभ्या खुर्चीला जागेवर धरून ठेवण्यासाठी असतो. चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला तो ओढला तर एक चाक आधी अडकतं आणि खुर्ची गर्रकन फिरते. उतारावर वेग आवरायचा तो तळव्यांनी: पाठ मागे टेकवायची आणि दोन्ही कड्या सारख्या दाबाने हातातून घसरू द्यायच्या. चामड्याचे हातमोजे असले तर तळवे भाजत नाहीत. चढावर पुढे झुकायचं, रेटे आखूड करायचे. उतारावर मधेच वळायचं नाही. आणि मागच्या, ढकलायच्या मुठींना बाजाराची जड पिशवी अडकवायची नाही, कारण चढावर तीच खुर्चीला मागे उलटवते.

आमच्या घराला सागवानी उंबरठा आहे, ९ सेंटिमीटर उंच. त्यावरून खुर्ची नेणं ढकलणाऱ्याने शिकायचं असतं. आधी बसलेल्या माणसाला सांगा, “बाबा, उचलतोय.” न सांगता खुर्ची मागे कलवली की पोटात गोळा येतो आणि तो माणूस दचकून पुढे झेपावतो. खुर्चीच्या मागे, खाली, दोन आखूड नळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यातल्या एकीवर पाय दाबून मुठी खाली ओढायच्या, की पुढची छोटी चाकं उचलली जातात. ती उंबरठ्यापलीकडे नेऊन हळूच टेकवायची. मग मागची मोठी चाकं उंबरठ्याला भिडेपर्यंत पुढे जायचं आणि मुठींवर मांडीचा रेटा देऊन ती चढवायची. उतरताना खुर्ची उलटी फिरवायची: आपण आधी बाहेर, मोठी चाकं आपल्या मागोमाग. हातांनी उचलायची वेळ आलीच तर नेहमी सांगाड्याला धरा. हात ठेवायच्या पट्ट्या आणि पायपट्ट्या निघणाऱ्या असतात. त्या धरून उचललं तर त्या तुमच्या हातात येतील आणि माणूस जमिनीवर.

उंबरठा काढायला आजी तयार नव्हती. मग सुताराने दोन्ही बाजूंना फळ्यांचे उतार केले. हिशेब सोपा आहे: उंचीच्या बारा पट लांबी. ९ सेंटिमीटरला १०८ सेंटिमीटर, ते घरात मावलं. पण पडवीतून अंगणात उतरायला ४५ सेंटिमीटरच्या पायऱ्या, त्यांना ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट उतार लागला. गवंडी म्हणाला, आठ फुटांत बसवून देतो. त्याला बसवू दिलं नाही. तेवढ्या उभ्या उतारावरून बाबांना दर वेळी कुणाची तरी वाट पाहावी लागली असती. जांभ्या चिऱ्याचा अठरा फुटी उतार झाला, दोन्ही कडांना चार बोटं उंच काठ ठेवला, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं म्हणून दर पंधरा दिवसांनी तो खराट्याने घासतो.

न्हाणीघराचं गणित मात्र आम्ही चुकलो होतो. खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी बैठकीपेक्षा साधारण २० सेंटिमीटर जास्त असते. बैठक ४५ असली तर खुर्ची ६५, आणि जुन्या घरांत न्हाणीघराचं दार ६०. तिथे आता लहान चाकांची, मधे भोक असलेली प्लास्टिकची वेगळी खुर्ची वापरतो. मोठ्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालायचीच नाही. बेअरिंगमध्ये साबणाचं पाणी गेलं की ती लवकर गंजतात.

पलंगावरून खुर्चीवर येताना खुर्ची पलंगाला थोडी तिरकी लावायची. लावून झाली की वीतभर मागे सरकवायची. याने पुढची छोटी चाकं वळून पुढच्या बाजूला जातात आणि पुढे वाकल्यावर खुर्ची तोंडावर येत नाही. मग दोन्ही ब्रेक, आणि मुठी धरून एकदा हलवून पाहणं. पायपट्ट्या वर दुमडायच्या, पलंगाकडची हातपट्टी काढायची. पायपट्टीवर उभं राहून उठणं हे पडण्याचं ठरलेलं कारण आहे. घडी करताना आधी पायपट्ट्या वर, मग बैठकीचं कापड पुढून-मागून मधोमध धरून वर खेचायचं. उघडताना बैठकीच्या दोन्ही नळ्या तळव्यांनी खाली दाबायच्या आणि बोटं आतल्या बाजूला वळवलेली ठेवायची. बाहेर ठेवली तर नळी आणि सांगाडा यांत ती चिरडतात. पदर, ओढणी, पंचा, शाल या सगळ्यांची टोकं बसल्याबरोबर आत खोचून घ्यायची. आईचा पदर एकदा चाकाच्या तारांत गुंडाळला गेला होता आणि ती बाबांच्या मांडीवर ओढली गेली.

रविवारी सकाळी मी खुर्ची पडवीत घेतो. आधी हवा. अंगठा जोराने दाबल्यावर टायर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. हवा कमी असली की ढकलायला जड जातंच, पण ब्रेकही धरत नाही, कारण ब्रेकचा दांडा टायरवरच दाबला जातो. ब्रेक घसरतोय म्हणून नट आवळत बसायच्या आधी हवा भरून पाहावी. मग ओल्या फडक्याने सांगाडा पुसणं आणि कोरड्याने लगेच कोरडा करणं. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हे चुकवून चालत नाही. मग खुर्ची आडवी करून पुढची छोटी चाकं. त्यांच्या आसाभोवती केस आणि दोरे इतके घट्ट गुंडाळतात की चाक फिरण्याऐवजी फरफटू लागतं. चिमटा आणि जुनं ब्लेड घेऊन ते काढावे लागतात. शेवटी बैठकीच्या कापडाची शिवण, स्क्रू आणि फुलीच्या मधला नट.

महिन्यातून एकदा खुर्ची नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे जाते. मोठं चाक हवेत फिरवून तो ब्रेकच्या दांड्यापाशी बोट धरतो, डुलतंय का पाहतो आणि तारा कमी-जास्त आवळून आउट काढतो. छर्रे असतील तर जुनं ग्रीस पुसून नवीन भरतो. बंद बेअरिंग असलं तर त्यात तेल ओतू देऊ नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं; खरखर यायला लागली की ते बदलायचं. टायर आणायला जाताना ‘चोवीस इंची’ एवढंच सांगून भागत नाही, त्या नावाखाली एकापेक्षा जास्त मापं मिळतात. जुन्या टायरच्या कुशीवर ३७-५४० असा जोड आकडा उठवलेला असतो. त्यातला दुसरा आकडा रिमचा व्यास, तो तंतोतंत जुळला पाहिजे. आम्ही तो घराच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवला आहे, खाली पायपट्टीच्या नटाला लागणाऱ्या पान्याचा नंबर, आणि त्याखाली गादी आणल्याची तारीख.