‘सूत’ शब्दाचे दोन अर्थ आणि मोटारीची चाके
‘सूत’ म्हणजे धागा. कारागिरांच्या बोलीत इंचाचा आठवा भागही सूतच होय. कुर्ल्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची पुढील चाके औरंगपुऱ्यातील एखाद्या समतल अंगणात तपासावयाची झाल्यास हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस, धागा मोकळा जाईल अशा समान उंचीवर, मध्यभागी खुणा कराव्यात व त्यांमधील अंतर ताणलेल्या सुताने घ्यावे. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागील बाजूस त्याच उंचीवर आल्या, की पुन्हा मोजावे. पुढील अंतर किंचित कमी हवे. नेमके माप निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. सुताभराच्या चुकीनेही टायरची कड लवकर झिजते.

मागील चाकांच्या जोरावर चालणाऱ्या या गाडीची पुढील चाके धावताना बाहेर फाकतात. ती ‘सुतासारखी सरळ’ धावावीत, यासाठीच उभी असताना किंचित आत वळलेली असावी लागतात.