लुकडं बाळ आणि मधुमेह

मधुमेह म्हटलं की चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस डोळ्यासमोर येतो. आज जरा मागे, थेट पाळण्यापर्यंत जाऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या, त्याही दिवस जाण्याआधीपासून. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. म्हणजे आपलं लुकडंच ना? पण पाठीवरच्या कातडीची चिमूट मापकात धरली, तर चरबी त्या मानाने फारशी कमी नाही! घट मुख्यतः स्नायूंची. वजनकाट्याला हे कळत नाही, आणि आपण त्याच्यावरच विसंबतो.

ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलाचं शरीर इन्शुलिनला कमी दाद देत होतं. मग हे कारण झालं का? नाही, हा नुसता संबंध. घरची ऐपत, खाणंपिणं, काहीही आड लपलेलं असू शकतं. म्हणून हीच मुलं वयात आल्यावर काहींना बी-१२च्या गोळ्या दिल्या, काहींना औषध नसलेल्या; आणि पुढे तपासायची ती त्यांची बाळं.