खिळ्याविना जहाज : एका जुन्या हुनराची परीक्षा

आज लाकडी गलबत म्हटले की खिळे, बोल्ट आणि इंजिन डोळ्यांपुढे येते. परंतु अरबी समुद्रावर शेकडो वर्षे व्यापार चालला तो वेगळ्याच जातीच्या जहाजांवर. त्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. अशी जहाजे आजच्या काळात पुन्हा बांधून समुद्रात नेऊन पाहिली गेली आहेत. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शिवण कशी असते?

फळीला फळी कडेने भिडवतात. दोन्ही कडांना जवळजवळ भोके पाडतात. सांध्यावर काथ्याची वळी दाबून बसवतात आणि तिच्यावरून दोरी या भोकातून त्या भोकात ओढून आवळतात. मग भोके व सांधे राळ आणि तेलाने बुजवतात.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. कच्ची शिवण उसवली तर गिऱ्हाईक परत येते, एवढेच आमचे नुकसान. इथे शिवणीवर खलाशांचे प्राण असतात.

लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवण लवचीक असते, लाट आदळली तर सांधा थोडा दबतो आणि निभावून नेतो. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्ने बतूता यांनीही हेच कारण नोंदवले आहे. तोटेही आहेत. पाणी झिरपते, ते उपसत राहावे लागते आणि शिवणीची देखभाल सतत ठेवावी लागते.

दोन प्रयोग

१९८० साली ओमानच्या सूर बंदरात टिम सेव्हरिन यांनी ‘सोहार’ नावाचे शिवलेले जहाज बांधवले. लाकूड मलबारचे होते आणि शिवणकामाला लक्षद्वीपचे मुस्लिम कारागीर होते. नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघालेले हे जहाज जुलै १९८१ मध्ये चीनच्या ग्वांगझू बंदरात पोहोचले.

दुसरा प्रयोग आपल्या नौदलाचा. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात ‘कौंडिन्य’ हे जहाज बांधले गेले. शिवणकाम बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी केले. जुना नकाशा एकही हाती नव्हता. म्हणून आयआयटी मद्रासमध्ये आधी नमुन्यावर चाचण्या घेतल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे जहाज नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला लागले. इंजिन नाही, फक्त चौकोनी शिडे आणि वल्ह्यासारखी सुकाणू.

डिसेंबरच का? चौकोनी शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालते, समोरच्या वाऱ्यावर त्याचे फार चालत नाही. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून अरबस्तानाकडे वाहतो आणि पावसाळ्यात उलट फिरतो. अरबीतील ‘मौसिम’ या शब्दावरूनच ‘मान्सून’ आला. आमच्या पूर्वजांची जाण्यायेण्याची तारीख हा वारा ठरवत असे.

आपण काय घ्यावे?

उद्यापासून कोणी शिवलेल्या जहाजातून माल पाठवणार नाही. ठराविक तारखेला माल पोहोचवण्याचा धंदा वाऱ्याच्या भरवशावर होत नाही. मग या खटाटोपात सिद्ध काय झाले? कागदावर न उतरलेला हुनर काही मोजक्या हातांत शिल्लक होता, म्हणून हे जहाज उभे राहू शकले. ते हात नसते तर अजिंठ्याचे चित्र चित्रच राहिले असते.

औरंगाबादचे हिमरू असो की बिदरीचे काम, स्थिती याहून फार निराळी नाही. कारागीर बांधवांनी आपली मापे, मसाल्याचे प्रमाण आणि कामाचा क्रम वहीत उतरवावा, निदान दोन तरुणांना हाताशी धरून शिकवावे. व्यापारी बांधवांनी नवा माल आधी थोडा करून पाहावा आणि जमला तर रोख मजुरी देऊन पुढचे काम द्यावे. काम मिळत राहिले तरच कारागिराचा मुलगा बापाच्या हत्याराला हात लावील.