पोलादी माणूस कोणी निवडायचा?

२७ ऑगस्ट २०१६, लंडनचं वेम्बली स्टेडियम. रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना संपत आलेला. हल एफसी १२, वॉरिंग्टन १०. वॉरिंग्टनचा बेन करी चेंडू घेऊन हलच्या ट्राय-रेषेपलीकडे झेपावला. चेंडू नुसता जमिनीला टेकवला की चार गुण आणि चषक. तेवढ्यात हलचा हुकर डॅनी हॉटन त्याला भिडला आणि चेंडू टेकायच्या आतच करीच्या हातून सुटला. हलनं तोवर वेम्बलीवर एकदाही चॅलेंज कप जिंकला नव्हता. त्या दिवशी जिंकला.

या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला लान्स टॉड करंडक मिळतो आणि त्याची निवड रग्बी लीगवर लिहिणारे पत्रकार करतात. त्यांनी निवडला हलचाच मार्क स्नीड. तो स्क्रम-हाफ, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, अचूक किक मारणारा. निवड योग्यच होती. मात्र हंगाम संपल्यावर सुपर लीगचा वार्षिक ‘मॅन ऑफ स्टील’ जाहीर झाला, तेव्हा नाव आलं डॅनी हॉटनचं. हा पुरस्कार त्या काळात खेळाडूंच्या मतांवर ठरत असे. वर्षभर ज्यांना हॉटननं आडवं पाडलं होतं, त्यांनीच त्याला मत दिलं.

रग्बी लीगच्या पुरस्कारांचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याचं मूळ या फरकात आहे. कोण जिंकलं याच्याइतकाच, मत कोणाच्या हाती होतं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. स्टँडमधून दिसणारा खेळ वेगळा आणि अंगावर झेलावा लागणारा खेळ वेगळा.

खेळाची थोडी ओळख करून देतो. इंग्लंडच्या उत्तरेत खाण-कामगार आणि गिरणी-कामगार रग्बी खेळत. शनिवारच्या सामन्यासाठी त्यांचा रोज बुडे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला रग्बीच्या लंडनकर धुरीणांनी नकार दिला, म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब फुटून बाहेर पडले. पुढे १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले. आज एका संघाला चेंडू पुढे नेण्यासाठी सहा टॅकलपर्यंतची मुभा असते, मग चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. १९०८ मध्ये सिडनीत स्पर्धा सुरू झाली. पापुआ न्यू गिनीत तर हा खेळ लोकांचा जीव की प्राण आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळतात, पण ती पंधरा जणांची.

माझी या खेळाशी गाठ पडली ती क्रिकेटमुळे. लीड्सचं हेडिंग्ली मैदान आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना पाठ असतं. १९८६ मध्ये दिलीप वेंगसरकरांनी इथेच ६१ आणि नाबाद १०२ धावा काढून कसोटी जिंकून दिली. २००२ मध्ये द्रविड, सचिन आणि गांगुली या तिघांनी एकाच डावात इथे शतकं ठोकली. नोकरीनिमित्त त्या गावात राहायला गेलो आणि भक्तिभावानं मैदान बघायला गेलो. तिथे कळलं की क्रिकेटच्या मैदानावरच्या मोठ्या स्टँडच्या पाठीला पाठ लावून रग्बी लीगचं मैदान आहे. एकाच इमारतीत एका बाजूला तोंड करून बसलं की क्रिकेट, दुसऱ्या बाजूला बसलं की लीड्स ऱ्हायनोज. त्या दुसऱ्या बाजूला मी बसलो आणि तिथलाच झालो.

ऑस्ट्रेलियातल्या सर्वात मानाच्या पुरस्काराची कथाही क्रिकेटपासूनच सुरू होते. १९०७ मध्ये सिडनीच्या मार्केट स्ट्रीटवर व्हिक्टर ट्रंपरचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ट्रंपर म्हणजे त्या काळातला सर्वात देखणा फलंदाज. व्यावसायिक रग्बीच्या गुप्त बैठका त्याच्या दुकानात भरत. नव्या संघटनेचा तो पहिला खजिनदार, जेम्स गिल्टिनन सचिव. त्यांना गर्दी खेचणारा एक खेळाडू हवा होता आणि तसा एकच होता : हर्बर्ट हेन्री मेसेंजर, सगळ्यांचा ‘डॅली’. वडील होड्या बांधणारे. असं सांगतात, की गिल्टिनन आणि ट्रंपर मेसेंजरच्या घरी गेले आणि निर्णय दिला तो त्याच्या आईनं. माऊलीनं होकार दिला आणि ऑस्ट्रेलियात या खेळाला पाय फुटले. मेसेंजर ईस्टर्न सबर्ब्ज क्लबकडून खेळला. लोक त्याला ‘द मास्टर’ म्हणत.

त्याच्याच नावानं ‘डॅली एम’ पदक दिलं जातं. १९८० मध्ये साउथ सिडनीचा रॉकी लॉरी त्याचा मानकरी ठरला. पद्धत सोपी आहे. प्रत्येक सामन्यानंतर परीक्षक तीन खेळाडूंना ३, २ आणि १ गुण देतो. हंगामाच्या साधारण मध्यापर्यंत गुणतक्ता जाहीर होत राहतो. मग तो पडद्याआड जातो आणि थेट समारंभाच्या रात्री उघडतो. निलंबनाची शिक्षा झालेल्या खेळाडूचे गुण कापले जातात, कारण पदक केवळ कौशल्याचं नसून सभ्य खेळाचंही मानलं जातं. २०२१ मध्ये मॅन्लीच्या टॉम ट्रबोयेविचनं दुखापतींमुळे फक्त १५ सामने खेळून ३५ गुण मिळवले आणि पदक नेलं. पुढच्याच वर्षी निको हाइन्सनं ३८ गुण केले. २०२३ पासून प्रत्येक सामन्याला दोन परीक्षक आले, त्यामुळे एका सामन्यात जास्तीत जास्त सहा गुण मिळू लागले. त्या पहिल्याच वर्षी न्यूकॅसलच्या केलिन पोंगाला ५६ आणि वॉरियर्सच्या शॉन जॉन्सनला ५५ गुण मिळाले. अख्खा हंगाम, आणि फरक एका गुणाचा! कुठल्याशा सामन्यात कोणा परीक्षकानं जॉन्सनसमोर दोनऐवजी तीन लिहिले असते तर दोघांची बरोबरी झाली असती. २०१९ आणि २०२५ मध्ये जेम्स टेडेस्को विजेता ठरला. तो खेळतो सिडनी रूस्टर्सकडून, म्हणजे मेसेंजरच्याच जुन्या क्लबकडून.

२००३ मध्ये मात्र हे पदक कोणालाच मिळालं नाही. खेळाडूंचा वेतनकरारावरून वाद पेटला होता. त्यांनी समारंभावर बहिष्कार घातला आणि समारंभ रद्द झाला. मला यात या खेळाचं सातत्य दिसतं. बुडालेल्या मजुरीवरून जो खेळ जन्माला आला, त्यातले खेळाडू शंभर वर्षांनंतरही मजुरीच्या हिशेबात पदकासमोर झुकले नाहीत.

‘डॅली एम’च्या आधी सिडनीत रॉथमन्स पदकाचा मान मोठा होता. १९६८ ते १९९६ या काळात ते दिलं गेलं आणि त्याचे गुण देत सामन्याचे पंच. पंच खेळाच्या मधोमध धावतो. कोण अडखळूनही उठतो, कोण शिवी गिळतो, हे त्याला ऐकूही येतं. आता क्रिकेटचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन बॉर्डर पदकासाठी खेळाडू, पंच आणि पत्रकार या तिघांचीही मतं घेण्याची पद्धत सुरू झाली, तीही याच ३-२-१ हिशेबानं. मला ती सर्वात शहाणपणाची वाटते.

लान्स टॉड करंडकाचा विषय निघाला की डॉन फॉक्सची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणं अशक्य आहे. ११ मे १९६८, वेम्बली, लीड्स विरुद्ध वेकफील्ड ट्रिनिटी. मुसळधार पावसानं मैदानावर तळी साचली होती. खेळाडू घसरत पाण्यावरून लांबवर वाहत जात होते. वेकफील्डचा डॉन फॉक्स यॉर्कशरच्या खाणवस्तीतला. अशा चिखलातही तो इतका सुंदर खेळला की सामना संपण्याआधीच पत्रकारांनी त्याला करंडक देऊन टाकला. शेवटच्या क्षणी केन हर्स्टनं ट्राय केला आणि वेकफील्ड ११-१० असं एका गुणानं मागे राहिलं. आता गोलपोस्टच्या ऐन समोरून एक किक, दोन गुण आणि चषक. किक मारायची होती फॉक्सला, कारण नेहमी मारणारा त्याचा भाऊ नील फॉक्स जखमी होता. याच नीलनं १९६२ मध्ये लान्स टॉड करंडक जिंकला होता. डॉन धावला, पाय घसरला, चेंडू बाजूनं गेला. तो गुडघ्यांवर कोसळला. टीव्हीवर समालोचक एडी वॉरिंगच्या आवाजातली कळवळ आजही ऐकवत नाही. जगानं पुढे चाळीस वर्षं, त्याच्या मृत्यूपर्यंत, ती एक किक लक्षात ठेवली. मला मात्र त्या पत्रकारांचं कौतुक वाटतं. ऐंशी मिनिटांच्या खेळाचं मोल त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं आणि एका किकनं ते पुसलं गेलं नाही.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या विषयाकडे, ‘मॅन ऑफ स्टील’कडे येतो. १९७७ मध्ये लीड्सचा हुकर डेव्हिड वॉर्ड पहिला विजेता ठरला. १९८२ मध्ये कार्लाइलचा मिक मॉर्गन जिंकला, तोही दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना. एलरी हॅन्लीनं १९८५, १९८७ आणि १९८९ असा तीनदा हा मान मिळवला. हा इंग्लंडमधला आणि ‘डॅली एम’ ऑस्ट्रेलियातला, असे दोन्ही मान पटकावणारे दोघेच : गेव्हिन मिलर आणि बेन बार्बा. मिलरनं १९८६ मध्ये हल केआरकडून हा मान मिळवला आणि मायदेशी परतून १९८८ व १९८९ असं लागोपाठ दोनदा ‘डॅली एम’ नेलं. बार्बाचा प्रवास उलटा, २०१२ मध्ये ‘डॅली एम’ आणि २०१८ मध्ये सेंट हेलेन्सकडून ‘मॅन ऑफ स्टील’.

आधी ही निवड पत्रकार करत. २००८ मध्ये मत खेळाडूंकडे गेलं, आणि पहिल्याच वर्षी त्यांनी निवडला सेंट हेलेन्सचा जेम्स ग्रॅहम, एक प्रॉप. प्रॉप म्हणजे समोरच्या भिंतीत डोकं खुपसून दहा यार्ड मिळवणारा, मार खाऊन दुसऱ्यांना मोकळी वाट करून देणारा. गुणफलकावर त्याचं नाव क्वचित लागतं. ‘डॅली एम’ची यादी चाळली तर हाफ, फुलबॅक आणि हुकर यांचीच गर्दी दिसते, कारण डोळा चेंडूच्या मागे जातो. खेळाडूंची मतंही नेहमी भारवाहकांनाच गेली असं नाही. २०११ मध्ये त्यांनी रांगी चेससारखा चमकदार हाफही निवडला. पण ग्रॅहम आणि हॉटन यांच्यासारखी निवड करायला बरगड्यांनी दिलेली साक्ष लागते, असं माझं ठाम मत आहे.

२०१४ पासून या पुरस्कारापुढे एक नाव जोडलं गेलं, स्टीव्ह प्रेस्कॉट. तो सेंट हेलेन्सचा फुलबॅक. १९९६ च्या वेम्बली अंतिम सामन्यात त्यानं सुरुवातीलाच दोन ट्राय केले आणि सेंट हेलेन्सनं ब्रॅडफर्डला ४०-३२ असं हरवलं. त्या दिवशी लान्स टॉड करंडक मात्र हरलेल्या ब्रॅडफर्डच्या रॉबी पॉलला मिळाला, त्याच्या तीन ट्रायबद्दल. पुढे गुडघ्याच्या वाटीच्या दुखापतीनं प्रेस्कॉटचा खेळ संपला. २००६ मध्ये पोटाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली. त्यानं वर्षं काढली, आणि नुसती काढली नाहीत. २००७ मध्ये स्वतःच्या नावानं संस्था उभी केली, मॅरेथॉन धावला, मँचेस्टरच्या ख्रिस्टी कर्करोग रुग्णालयासाठी आणि मैदानावर जायबंदी झालेल्या खेळाडूंसाठी पैसा उभा केला. २०१३ मध्ये ऑक्सफर्डला त्याच्यावर एकाच वेळी अनेक अवयवांचं प्रत्यारोपण झालं. ९ नोव्हेंबर २०१३ रोजी तो गेला, वयाच्या ३९ व्या वर्षी.

सेंट हेलेन्सला मी गेलो तेव्हा गावातून स्टेडियमकडे जाणाऱ्या पुलावर त्याचं नाव वाचलं. सामन्याच्या दिवशी त्या पुलावरून लाल-पांढऱ्या जर्सीतली कुटुंबंच्या कुटुंबं जात होती. एका आजोबांना मी प्रेस्कॉटबद्दल विचारलं. त्यांनी त्याच्या ट्रायबद्दल अवाक्षर काढलं नाही. आजारपणात तो गावातल्या माणसांशी कसा बोलायचा, एवढंच ते सांगत राहिले.

सिडनीतही अशी नावं आहेत. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला १९८६ पासून क्लाइव्ह चर्चिल पदक देतात. चर्चिलला ‘लिटल मास्टर’ म्हणत, म्हणजे आपल्या गावसकरांचंच बिरुद. १९५५ मध्ये हात मोडलेला असताना त्यानं मैदान सोडलं नाही आणि सामना जिंकून देणारी किक मारली. २०१४ मध्ये त्याच्याच साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसचं गालाचं हाड सामन्याच्या पहिल्याच धडकेत मोडलं. तो पूर्ण सामना खेळला, साउथ सिडनीनं ४३ वर्षांनी विजेतेपद मिळवलं आणि चर्चिल पदक बर्जेसला मिळालं.

स्त्रियांच्या खेळालाही आता तोलामोलाचे मान आहेत. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये कॅसलफर्डची जॉर्जिया रोश पहिली ‘वुमन ऑफ स्टील’ झाली. पुढच्या वर्षी लीड्सची कोर्टनी विनफील्ड-हिल जिंकली. ती मूळची ऑस्ट्रेलियातली क्रिकेटपटू, ब्रिस्बेन हीटकडून खेळलेली.

२०१९ मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’चं मत खेळाडूंकडून काढून माजी खेळाडूंच्या मंडळाकडे दिलं गेलं. अध्यक्ष एलरी हॅन्ली, आणि पद्धत दर सामन्याला ३-२-१ अशी. त्यामागचं कारण मला पटतं. वर्षाअखेरीच्या एकाच मतात ताज्या सामन्यांची भुरळ पडते, दर आठवड्याचा हिशेब जास्त चोख असतो. तरीही त्या बदलात काहीतरी मोलाचं हरवलं, असं मला वाटतं. म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवड्याचे गुण मंडळानंच द्यावेत, पण प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांच्या कप्तानांनी समोरच्या संघातल्या एका खेळाडूला गुण द्यावा आणि तो एकूण बेरजेत धरावा. आपल्याला सर्वात जास्त कोणी छळलं हे कप्तानाला आकडेवारी न बघताही ठाऊक असतं. प्रेस्कॉटच्या नावाचा पुरस्कार नुसत्या चमकेला जाऊ नये. ज्याच्याशी भिडताना समोरच्याचे पाय जड झाले, त्याचाही त्यावर हक्क आहे, आणि तो हक्क नोंदवण्याचा अधिकार भिडणाऱ्यालाच हवा.