सोंग घ्या, बोल फुटेल

रात्रीच्या वर्गात गुरुजी म्हणतात, "मावशी, ही बँक समजा. तुम्ही पैसे काढायला आलात. बोला." मावशी पदर तोंडाशी धरतात. लोक हसतील, ही भीती!

अशा वेळी काय करावे? गुरुजींनी आधी स्वतः सोंग घ्यावे आणि मुद्दाम चुकावे. सारे हसले की भीती मोडते. मग दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. सगळेच बोलू लागले की बघायला उरते कोण? पहिल्या दिवशी एकच वाक्य पुरे: "साहेब, चिठ्ठीवर किती रुपये लिहिलेत?"

आणि सोंगाची लाज कसली? एकनाथ महाराजांच्या भारुडात जोशी येतो, वासुदेव येतो.

वर्गात चुकले तर हसू होते. बँकेत न विचारता अंगठा दिला, तर घामाचा पैसा जाऊ शकतो. तेव्हा मंडळी, लाज सोडा, बोला!