ग्राइंडरचे चाक : आधी ऐका, मग वापरा



शाळा सुटली की मुले वेल्डिंगच्या दुकानासमोर ठिणग्या बघत उभी राहतात. काहींच्या घरचाच हा धंदा असतो, तर काही जण पुढे आयटीआयला जातात. म्हणून ग्राइंडरचे चाक का फुटते आणि ते कसे सांभाळायचे, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

चाक कशाचे असते?

दिसायला दगड, पण हा अखंड दगड नव्हे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण एकत्र चिकटवून चाक बनवतात. टेबलावरच्या ग्राइंडरचे चाक बहुधा भट्टीत भाजलेले असते. म्हणजे जात मातीच्या भांड्याचीच : कठीण, पण ठिसूळ. खाली पडले की तडा जाऊ शकतो, आणि तो डोळ्यांना दिसेलच असे नाही.

वेग किती?

१५० मिमी व्यासाचे चाक मिनिटाला २८५० फेरे घेते असे धरा.
परीघ = ३.१४ × ०.१५ = ०.४७१ मीटर
०.४७१ × २८५० = सुमारे १३४२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर!

हातातल्या ४ इंची ग्राइंडरचे ११,००० फेरे धरले, तर कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित जरूर सोडवून घ्या. वेग दुप्पट झाला की चाक फाडणारा ताण चौपट होतो. म्हणून चाकावर छापलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल, तर ते चाक लावायचेच नाही. गार्ड काढून छोट्या मशीनवर मोठी चकती बसवणे तर जिवाशी खेळ.

टिचकीची परीक्षा

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? तसेच इथे. सुके, स्वच्छ चाक भोकातून बोटावर टांगा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडेजवळ हळूच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर चाक बाद. रेझिनच्या पातळ चकत्यांना ही परीक्षा लागू नाही. त्यांची कड तुटलेली नाही ना ते बघा आणि छापलेली मुदत वाचा.

चालवताना

१. चाक बदलताना प्लग काढा. चाकाच्या दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर ठेवा. नट गरजेपेक्षा जास्त आवळू नका.
२. वस्तू टेकवायची पट्टी चाकापासून ३ मिमीपेक्षा लांब नको. चाक झिजेल तशी ती पुढे सरकवा, पण मशीन बंद करूनच.
३. सुरू करताना चाकासमोर नको, बाजूला उभे राहा. नवे चाक मिनिटभर रिकामे फिरू द्या.
४. गॉगल हवाच. ओढणी, मफलर, सैल बाही, सैल हातमोजे नकोत.
५. साध्या चाकाच्या सपाट बाजूवर घासू नका.

निगा

चाक चकचकीत दिसू लागले की कण बोथट झाले असे समजा. अ‍ॅल्युमिनियम, पितळ यांसारखे मऊ धातू साध्या चाकावर घासले की ते कणांमध्ये भरतात आणि चाक तापते. मग माणूस जोर लावतो, आणि तिथेच धोका वाढतो. अशा वेळी ड्रेसर फिरवून चाकाचा वरचा थर काढावा. सुटी चाके कोरड्या जागी ठेवावीत. पडलेले चाक तपासल्याशिवाय लावू नये.

पालकहो, मूल दुकानात येत असेल तर त्याला चाकाच्या रेषेत उभे राहू देऊ नका. आणि पुढच्या वेळी चाक बदलताना टिचकी त्याच्यासमोर मारा. आवाजातला फरक एकदा कानांनी ऐकला की तो आयुष्यभर लक्षात राहतो.